कुंदाची सही

एकाहत्तरची लढाई चालू होती. खात्यावरून वारलेल्या नवऱ्याचं, नीलकंठचं, नाव काढायचा कुंदाचा अर्ज जबलपूरच्या बँकेच्या खिडकीतून तिसऱ्यांदा परत आला.

"सही जुळत नाही, बाई," आतले बाबू म्हणाले.

"घरी बरोबर येते हो. इथं सगळे पाहून राहिले, हात कापतो. जरा आत बसून करू?"

"मागची रांग बघा. तुम्हालाच काहून आत बसवू? अंगठा लावा अन् मोकळ्या व्हा."

कुंदानं अंगठा लावला. अर्ज लगेच घेतला गेला.

घरी तिनं शाई घासघासून धुतली. फळीवर पाटी तशीच होती. दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून डबल ड्यूटी करून आल्यावरही नीलकंठ तिच्याकडून रोज दहा सह्या गिरवून घ्यायचा. म्हणायचा, "उद्या मी नसलो, तर तुला कोणी 'अंगठा लाव' म्हणायला नको."