डाळिंबाला पाणी

२०२१ साली ॲरिझोनाच्या वाळवंटातलं आमचं गाव एकदम वाढलं. जिथे नुसता एक पेट्रोल पंप होता, तिथे नवी घरं आणि गोल्फचं मैदान आलं. त्यांच्यासाठी खोल बोअर आमच्या ह्यांनीच आखले. "तुझ्या विहिरीला काही होणार नाही," असं शेजारच्या रोझाला ह्यांनीच सांगितलं होतं. त्याच उन्हाळ्यात तिची विहीर आटली.

मग एकदा ती घरी आली. आल्यागेल्याला देते तसं मी तिच्यापुढे गूळपाणी ठेवलं. तिने गूळ खाल्ला, पाण्याला हात लावला नाही.

"घे ना, रोझा," हे म्हणाले.

"घरी नेऊ का, शेखर? डाळिंबाला घालते. तुझ्या गोल्फच्या गवतापेक्षा कमी पितं ते."

ह्यांनी उठून ते पाणी तिला बाटलीत भरून दिलं.

पुढे रोझा मुलीकडे टेक्सासला गेली. जाताना डाळिंबाची एक फांदी ह्यांच्या हातात देऊन गेली. तिच्या जागेवर आता चार घरं आहेत. फांदीचं आमच्या अंगणात झाड झालं. हे रोज स्वतः पाणी घालतात. यंदा ते फळांनी लगडलंय. ह्यांनी अजून एकही दाणा तोंडात टाकलेला नाही.