विस्मरणाचा दाखला

मुलाखतीपूर्वी डॉ. दंडिगे सरांच्या डोक्यातून वृषाली उमाठे ही बाई तासाभरासाठी पुसण्यात आली आणि तसा दाखला फाइलला लागला. ओळखीपाळखीने बढत्या होऊ नयेत म्हणून विद्यापीठ हल्ली सगळ्याच तज्ज्ञांचं असं करतं.

सहयोगी प्राध्यापक होण्याचा वृषालीचा हा तिसरा आणि शेवटचा प्रयत्न होता. पीएच.डी.ची सहा वर्षं तिला ‘अगं येडे’ म्हणणारे सर आज अहो-जाहो करत होते.

“अहो मॅडम, हा शोधनिबंध मुळात तुमचा आहे का?”

निबंध तिनेच लिहिला होता. सरांनी फक्त त्यावर स्वतःचं नाव आधी टाकलं होतं. पण आठवणच पुसलेल्या माणसाशी वाद काय घालणार?

“माझाच आहे, सर.”

“वाटत नाही तसं,” म्हणत सरांनी शेऱ्यात ‘अपात्र’ लिहिलं.

तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला.

“सोनबा, मॅडमना तो आल्याचा देऊ नका,” सर फाइल मिटता मिटता म्हणाले. “त्यांना आलं सोसत नाही.”

वृषालीने मान वर करून सरांकडे पाहिलं.

सरांनी घाईघाईने विचारलं, “नाव काय म्हणालात तुमचं?”