अंगाईचा पाठभेद

कंपनीचा भोंगा. मौद्याची बस. सुपातले तांदूळ. उद्या दहाला नामकरण. एक मुलगी सव्वा महिन्याची, एक पस्तीस वर्षांची. दुपार कलली तरी दोघींचाही डोळा लागत नाही.

पस्तीस वर्षांच्या मेघानं वहीत दोन अंगाया समोरासमोर लिहिल्या. उद्या लेकीसाठी यातली एकच म्हणायची. डावीकडे थोरल्या भावाची, अश्विनची:

नीज गा राजा, भोंगा झाला,
हिंगण्याहून बाप आला.

उजवीकडे तिची स्वतःची:

नीज वं मैना, बस निघाली,
कन्हान सरली, माय भेटली.

चाल तीच. गाणारीही तीच, दोघांची आई, पार्वतीबाई. कॉलेजात मेघा हेच शिकवायची. रचना एक, रूपं अनेक; पहिलं ते मूळ, बाकीचे पाठभेद. वर्गात हा शब्द तिला कधी टोचला नव्हता.

"माह्यंच असली," भाचीला खांद्यावर थोपटत अश्विन म्हणाला. "मी चार वर्षांनं मोठा आहो. तुह्यं मंग ते... काय म्हणते तू त्याले, प्रोफेसरीणबाई?"

"पाठभेद."

"हां. तेच."

तो हसला. मेघाही हसली, पण जरा उशिरा. तिला मौद्याहून बसनं, कन्हान नदी ओलांडून दत्तक आणलं, हे घरात कोणी कधीच लपवलं नव्हतं. त्याचं तिला कधी काही वाटलंही नव्हतं. आज वाटलं. भावाच्याच गाण्यातले चार शब्द बदलून आईनं आपलं भागवलं असेल. तिनं आपल्या दोन ओळींवर पेन टेकवलं.

पार्वतीबाईंनी सूप खाली ठेवलं. "ते काहून खोडून राहिली वं?"

"मूळ दादाचं आहे ना, आई. उद्या तेच म्हणू."

"कोणं सांगतलं तुले? तू घरी आली अन् हा रुसला. म्हणे, तिले गाणं अन् मले काहून नाही? तुह्यंच गाणं त्याले म्हणून पाहिलं, तर म्हणे, बस नको, बाबाच्या कंपनीचा भोंगा पाहिजे. तीन दिवस धड जेवला नाही बेटा. मंग देल्लं बदलवून."

मग अश्विननं भाचीकडे पाहिलं. "म्हणजे पाठभेद मी?"

"नीज गा राजा," मेघा म्हणाली, आणि यावेळी सगळ्यांत आधी तीच हसली.

तिनं पेन उचललं, डाव्या बाजूच्या माथ्यावर नेलं आणि जपून एक शब्द लिहिला. आईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

लहानग्या अश्विनला त्याची आजी निजवायची; मौद्याच्या त्या बसमध्ये बसेपर्यंत पार्वतीबाईंनी आयुष्यात एकही गाणं म्हटलं नव्हतं.