धुतलेले काटे

वांग्याचं रोप सासूबाईंनी शेंड्याला धरून नुसतं उचललं, तर मुळासकट हातात आलं. मुळं काळी, बुळबुळीत. वास असा, की जणू पेटीत उंदीर मेलाय. त्यांनी ते सुनेच्या पायाशी टाकलं.

"घे. वांगी लावलीस की पोहायला सोडलीस, सूनबाई?"

सून गुडघ्यांवर बसून चिखल उपसत होती. चाळीस पेट्यांची ही गच्चीवरची बाग तिनंच बियांपासून उभी केली होती. दर रांगेत तिनं ओल मोजणारा एक स्वस्तातला सेन्सर खोचला होता, जेवायच्या काट्याएवढा, दोन दातांचा. तो माती कोरडी म्हणाला, की रात्री पंप आपोआप सुरू व्हायचा.

सासूबाईंना त्या काट्यांची पहिल्या दिवसापासून शिसारी. या घरात खुरपंसुद्धा धुऊन, पुसून खुंटीला लागायचं. आणि ही बया काटे महिनोन्‌महिने शेणखतात कुजवणार.

"ज्या हातानं ही घाण झाली, त्या हातात गच्चीची किल्ली राहायची नाही," त्यांनी निकाल दिला. "आण इकडे."

सुनेनं किल्ली दिली. मग चिखलाच्या बोटानं फोन उघडून त्यांच्यापुढे धरला.

"आई, नुसती ही ओलाव्याची रेघ बघा. दिवसभर वर. रोज दिवे लागले की धपकन खाली, म्हणजे माती ठणठणीत कोरडी. सकाळी पुन्हा वर. ओली माती अशी घटकेत वाळते का?"

"तुझं यंत्रच खोटारडं. स्वस्तातलं ना."

"यंत्र खरं बोललं. तेव्हा ते मातीत नव्हतंच. त्या वेळी मी कामावर असते. इथं कोण असतं?"

सासूबाईंची नजर टाकीमागे गेली. तिथं त्यांचा ब्रश होता, त्यांचं फडकं होतं. रोज दिवेलागणीला काटे उपटायचे, घासायचे, फडक्यावर रात्रभर वाळवायचे, उजाडताच होते तिथं खोचायचे. एवढं करून घरात कुणी शाबासकी दिली नव्हती.

त्यांनी मग किल्ली सुनेच्या चिखलानं माखलेल्या तळहातावर ठेवली. सून ती पुसायला फडक्याकडे वळली.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "पुसूनच तर वाट लागली."