भिकुबाईची बोराटी

डोळे गेल्यापासून आबा पहिल्यांदाच वावरात आले होते. कौतिक बापाचा हात धरून कपाशीतून चालवत होता. बांधाजवळ आबांच्या बोटांना काटे टोचले. त्यांनी चाचपून एक बोर तोडलं, तोंडात टाकलं आणि थबकले.

"हाई ते भिकुबाईनी बोराटी शे. तिना वावरमा काब लई उना माले?"

दरसाल नांगरटीत थोडा थोडा बांध कोरत कौतिक बोराटीच्याही पुढे गेला होता.

पलीकडे कापूस वेचणारी भिकुबाई खोकली. आवाजाच्या दिशेने आबांनी हात जोडले. "माफ कर बाई, आम्ही चुकीसन तुना वावरमा उनूत."

"चुकनात नही आबा," कौतिककडे न बघता ती म्हणाली. "मनी बोराटी ते मांगेच तोडी टाकी. हाई तुमनीच शे."