पातेल्यासमोरची परीक्षा

सासूबाईंनी आत येऊन स्वयंपाकघराचं दार लावलं आणि वरची कडी सरकवली.

कांदा चिरणारी सून दचकून वळली. लग्नाला सहा महिने झाले होते आणि सासू-सासरे पहिल्यांदाच राहायला आले होते. सासूबाईंच्या हाताच्या चवीचं कौतुक ती लग्न ठरल्यापासून ऐकत होती. त्यांच्या धाकाबद्दलही. थोरल्या जावेला त्यांनी पाहुण्यांदेखत पातेलं परत गॅसवर चढवायला लावलं होतं. "दोन दिवस घास उतरला नाही गं घशाखाली," असं जाऊबाईंनीच फोनवर सांगितलं होतं.

"चालू दे तुझं," सासूबाई म्हणाल्या. "मी नुसती बघते."

आणि त्या अगदी तिच्या खांद्याशी येऊन उभ्या राहिल्या.

तिनं पातेल्यात तेल घातलं.

"कांदा का नाही टाकलास लगेच?"

"तेल तापू देते, आई. गार तेलात कांदा नुसता तेल पितो."

"तापलं कसं कळणार?"

तिनं कांद्याचा एक तुकडा टाकून दाखवला. तो चुरचुरत वर आला. मग तिनं सगळा कांदा ओतला आणि मिठाच्या डब्याकडे हात नेला.

"मीठ आत्ताच?"

आवाज एवढा चढला की चमचा हातातून सुटता सुटता राहिला.

"चिमूटभरच. कांदा लवकर मऊ पडतो. बाकीचं शेवटी, चव बघून."

सासूबाईंचे नुसते ओठ हलले. चुका मोजतायत, सुनेला वाटलं.

बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला. "आत तालीम चाललीय वाटतं! आमच्या हिच्या हाताखाली पोरीचं सोनं होईल बघ." नवराही खो खो हसला. तिला त्याचा संताप आला. बायको इथे घामानं भिजलीय आणि हा दात काढतोय!

टोमॅटो विरघळले. बटाटे, वाटाणे परतून झाले. घाबरून तिनं माठातलं पाणी घेतलं, मग सावरून शेगडीवरचं उकळतं पाणी ओतलं.

"माठातलं का नाही?"

"गार पाण्यानं शिजणं थांबतं, आई. बटाटा टणक राहतो."

"आणि त्या शेजारच्या भाताचं झाकण का नाही काढलंस? झालाय ना तो?"

"गॅस बंद करून थोडा वेळ मुरू द्यायचा. लगेच ढवळला की शितं मोडतात."

"कुणी शिकवलं तुला हे सगळं?"

"कुणी नाही. करपवून करपवून शिकले." बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली.

सासूबाई तिच्याकडे रोखून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "परत सांग. पहिल्यापासून."

आता मात्र सुनेचा बांध फुटला. "आई, माझं काही चुकलं असेल तर सरळ रागवा. सगळ्यांसमोर बोला हवं तर. पण असं कोंडून नका ना विचारू!"

सासूबाईंनी झटकन तिचा हात धरला.

"हळू बोल गं, ह्यांना ऐकू जाईल," त्या कुजबुजल्या. "परवा साधा चहा करायला उभी राहिले, आणि आधी काय घालायचं तेच मला आठवेना."