जुन्या यंत्राची जुळणी

पडद्यावर पुन्हा तीच ओळ आली. यंत्राशी संपर्क होत नाही.

काजलने खुर्ची मागे सरकवली. हिंगण्याच्या त्या शेडमध्ये पत्रा तापला होता आणि कूलर नुसता घुरघुरत होता. बंद पडलेल्या एका औषध कंपनीतून आणलेलं गॅस क्रोमॅटोग्राफ टेबलावर बसलं होतं. रंगाच्या थिनरमध्ये काय काय मिसळलंय ते वेगळं करून दाखवणारं यंत्र. हैदराबादच्या लॅबमध्ये नोकरी मिळाल्याचं तिने घरात सांगितलं, त्यानंतर आठवड्याभरात सासऱ्यांनी, मधुकररावांनी, घरचीच लॅब काढायची म्हणून ते आणलं होतं.

मधुकरराव जमिनीवर फतकल मारून पितळी जोड जुन्या टूथब्रशने घासत होते. यंत्राचे जोड नव्या नळीला बसत नव्हते, त्याचं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालत नव्हतं. मग त्यांनी स्वतः इतवारीच्या बाजारात फिरून जोड शोधले. कॉम्प्युटर एका बंद झालेल्या सायबर कॅफेतून उचलून आणला.

"नाही होऊन राहिलं का वं?" त्यांनी विचारलं.

"बघून राहिली, बाबा."

"पाह्य आजचा दिवस. नाही झालं तं देऊन टाकू भंगारात." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "मंग जाय तू हैदराबादले. मी अडवणार नाही. लॅबच नाही चालली तं तुले ठेवून काय करू?"

ते चहा सांगायला बाहेर गेले. गॅसच्या सिलिंडरचा पाना हातात घेऊन तिचा नवरा पियुष तिथेच उभा राहिला.

काजल यंत्राच्या मागे वाकली. तिथे धुळीत बारीक बटणांची एक ओळ होती. तिने फुंकर मारली. बटणांवर एक नंबर लावलेला होता आणि सॉफ्टवेअर दुसऱ्याच नंबराला हाका मारत होतं. एवढंच होतं.

ती वाकलेलीच राहिली.

"सापडलं ना?" पियुषने हळूच विचारलं.

तिने बोटांची धूळ पुसली.

"राहू दे. नाही जमलं म्हण. मी बाबाले काही सांगणार नाही."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच म्हणत होता. त्याच्या चेहऱ्यावर घाम होता आणि तो दाराकडे बघत होता.

"तिथं जाऊन मी हेच काम करणार आहे, पियुष," ती म्हणाली. "हे नाही जमलं म्हणून तिथं जाऊ?"

"मंग जुळवून दे अन् जाय."

"हे जुळलं तर जाऊ देतील?"

पियुषने पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

बाहेर मधुकररावांचा आवाज आला. ते चहावाल्याला आलं जास्त टाकायला सांगत होते. काजलला आल्याचा चहा लागतो हे त्यांना ठाऊक होतं.

तिने नखाने एक बटण खाली केलं.

पडद्यावर हिरवी खूण आली. तिने ज्योत पेटवली. आतून बारीकसा टप् आवाज झाला. तिने पियुषच्या हातातला गार पाना घेऊन ज्योतीच्या तोंडावर धरला, त्याच्यावर वाफ जमली. ज्योत जळत होती. तिने बारीक सुईने थिनरचा थेंब आत सोडला आणि हात मांडीवर ठेवून बसली. पडद्यावरची रेषा सरळ चालत राहिली, चालत राहिली, आणि मग एकदम उभी चढली.

मधुकरराव चहाचे ग्लास घेऊन दारातच थांबले. त्यांच्या हातावर चहा सांडला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. ग्लास खाली ठेवून त्यांनी घरी बायकोला फोन लावला.

"प्रेमिला, झालं वं सुरू. काजलनं केलं. दुसरं कोण करंन?" ते हसत होते, डोळे पुसत होते. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "छे. आता कुठं जाते ती?"

पियुष सिलिंडरचा काटा बघायला वळला.

"बेटा," फोन खिशात घालत मधुकरराव म्हणाले, "पुन्हा एकदा दाखव ना."

काजलने सुई भरली. दुसरी रेषा निघाली, सरळ चालत आली, त्याच जागी चढली, त्याच जागी उतरली, आणि पहिल्या रेषेवर तंतोतंत बसली.